सीलंटमुळे कीड ‘आत कोंडली जाते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘मुलांच्या दाढांना सीलंट लावू नका. आधी ॲसिडने दात जाळतात, मग वर प्लास्टिक चढवतात. कीड आत कोंडली जाते, प्लास्टिकमधलं बीपीए पोटात जातं, आणि दोन वर्षांत ते निघूनही येतं. तसेही हे दात पडणारच आहेत. नीट ब्रश करायला शिकवा, पुरे.’

हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. सीलंट म्हणजे कीड लागू नये म्हणून दाढेच्या खाचांवर लावतात तो पातळ थर. मी लहान मुलांचे दात तपासते. मेसेज वाचून नको म्हणून गेलेले पालक काही महिन्यांनी दुखरी दाढ घेऊन परत येतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

‘पडणारच आहेत’ हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं, म्हणून आधी तेच घेते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ती कायमची दाढ आहे. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. दुसरी कायमची दाढ बाराव्या वर्षाच्या आसपास येते. सीलंट मुख्यतः लावतात ते या दाढांनाच.

‘ब्रश पुरे’ हे ऐकायला पटतं. पण दाढेचा चावायचा भाग जवळून पाहा. त्यावर बारीक खाचा असतात, आणि त्यातल्या कित्येक इतक्या अरुंद की ब्रशचा एक केससुद्धा तळापर्यंत पोचत नाही. वरून दाढ चकचकीत दिसते, आणि आत अडकलेल्या कणांवर जंतू आम्ल तयार करत बसतात. फ्लोराइडचा फायदाही गुळगुळीत बाजूंना जास्त मिळतो, खाचांना कमी. ब्रश रोज दोनदा हवाच. पण जिथे तो पोचतच नाही, तिथे मूल आळशी आहे म्हणून कीड लागली असं म्हणणं त्या मुलावर अन्याय आहे.

आता ‘ॲसिडने जाळतात’. फॉस्फोरिक आम्लाची जेल दाढेवर काही सेकंद, फार तर अर्धा मिनिट ठेवतात आणि धुऊन टाकतात. दाढ कोरडी केली की तेवढा भाग खडूसारखा पांढरा, निस्तेज दिसतो. दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं तयार झालेली असतात. पातळ सीलंट त्यांत उतरतं आणि निळ्या प्रकाशाखाली घट्ट होऊन पकड घेतं. दंतसंशोधक मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये ही पद्धत मांडली, आणि आजची बरीचशी दंतचिकित्सा तिच्यावर उभी आहे. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही.

कीड कोंडली जाण्याची भीती मला समजते, पण प्रत्यक्षात उलट घडतं. वरून वाट बंद झाली की जंतूंचं अन्न तुटतं आणि त्यांची संख्या घटते. म्हणूनच अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत, खड्डा न पडलेल्या सुरुवातीच्या किडीवरही सीलंट लावायला सांगितलंय. खड्डा पडला असेल तर मात्र फिलिंगच करावं लागतं, म्हणून आधी तपासणी.

बीपीए म्हणजे प्लास्टिक बनवताना वापरलं जाणारं एक रसायन. त्याबद्दल थोडक्यात: काही सीलंटमधून ते अत्यल्प प्रमाणात, मुख्यतः लावल्या लावल्या बाहेर येतं. वरचा ओलसर थर पुसून मुलाला चूळ भरायला लावली की तेही आणखी कमी होतं.

‘निघून येतं’ यात तथ्य आहे. लावताना थुंकी लागली की पकड बिघडते, आणि सहा वर्षांच्या मुलाची जीभ थुंकी टिपायला ठेवलेल्या कापसाच्या बोळ्यांना गप्प बसू देत नाही. तरीही अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या माहितीनुसार सीलंट दोन वर्षांपर्यंत मागच्या दातांतली ८० टक्के कीड टाळतं, आणि चार वर्षांपर्यंत ५० टक्के. तुकडा निघाला तरी ती दाढ कधीच सीलंट न लावलेल्या दाढेपेक्षा जास्त धोक्यात येत नाही. पुढच्या तपासणीला तेवढीच जागा पुन्हा भरता येते.

मेसेजमध्ये नसलेली एक मर्यादा मात्र मीच सांगते. दोन दातांच्या मधल्या फटीचं रक्षण सीलंट करत नाही. तिथे फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक दोराच लागतो, आणि लहान मुलाच्या दातांत तो मोठ्यांनीच फिरवायचा असतो.