साखर शोषली जाते सगळीच, मग वजनाशी आतड्याचा संबंध काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा असा: वजनाची बरीचशी सूत्रं आतड्यातून हलतात, हे माझं म्हणणं तुम्हाला जिभेवर ताबा नसलेल्यांना मिळालेलं आयतं निमित्त वाटतं. आतडं म्हणजे नळी, आत टाकाल ते शोषणार, असं तुमचं मत. पुरावा घरचाच दिलाय. तुमच्या मिसेस मधुमेहासाठी जेवणाबरोबर व्होग्लिबोजची गोळी घेतात. ती साखरेचं शोषणच अडवते, तरी वजनाचा काटा हललेला नाही. शेवटी, हा सगळा खटाटोप वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांच्या जाहिरातीसाठी चाललाय, असा टोलाही हाणलाय.

आधी तुमच्या बाजूनं बोलतो. निरोगी माणसाचं लहान आतडं पचलेली साखर जवळजवळ सगळी आत घेतं. त्याच्या पेशींवर एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन असतं. ते दर वेळी सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू एकत्रच आत ओढतं. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागमधल्या एका परिषदेत ही कल्पना मांडली. कॉलऱ्यात माणूस जुलाबांनी गळून गेलेला असतानाही ही ओढ थांबत नाही, आणि मीठ-साखरेच्या पाण्याची सगळी मदार त्यावरच आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी लोकांना पाजलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. तेव्हा आतडं साखरेला सहसा नाही म्हणत नाही, हे मलाही मान्य आहे.

पण तुमचं व्होग्लिबोजचं उदाहरण तुमच्या मदतीला येत नाही. ही गोळी ग्लुकोजचा रस्ता अडवत नाही. पिष्ट आणि साखर यांचे तुकडे करणारी जी विकरं (एन्झाइम्स) आतड्याच्या अस्तरावर असतात, त्यांना ती रोखते. त्यामुळे एरवी वरच्या भागातच उरकणारं काम रेंगाळत खालपर्यंत जातं. उरलंसुरलं मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जिवाणू ते आंबवतात (पोटात गॅस धरतो तो यामुळेच) आणि त्यातून तयार झालेली मेदाम्लं पुन्हा शरीराच्याच कामी येतात. म्हणजे उष्मांक बहुतेक सगळे पदरात पडतात, म्हणून वजन तिथल्या तिथे. जेवणानंतरची साखर मात्र उतरते. साखर तेवढीच, पण ती कुठे आणि किती वेळात शोषली गेली एवढ्यानं रिपोर्ट बदलला. मला म्हणायचं होतं ते हेच.

नळीच्या कल्पनेला खरा धक्का १९६४ च्या प्रयोगांनी दिला. ग्लुकोज एकदा शिरेतून दिलं, एकदा तोंडावाटे पाजलं. तोंडावाटे दिल्यावर इन्शुलिन कितीतरी जास्त स्रवलं. स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देणारं कोणीतरी वाटेत होतं, आणि ते होतं आतडं. पुढे त्यातली दोन संप्रेरकं ओळखली गेली. जीआयपी मुख्यतः वरच्या भागातून येतं. जीएलपी-१ बनवणाऱ्या पेशी खालच्या भागात जास्त असतात. जीएलपी-१ इन्शुलिन वाढवतं, तेही रक्तात साखर चढलेली असेल तेव्हाच. शिवाय ते जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला पोट भरल्याचं कळवतं. ग्लासभर रस वरच्या वरच शोषला जातो. ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ सावकाश खाली, या पेशींपर्यंत सरकते.

वजन उतरवण्यासाठी करतात त्या जठराच्या बायपास शस्त्रक्रियेचं (हृदयाच्या नव्हे) उदाहरण तर याहून बोलकं आहे. त्यात अन्न जठराचा बराचसा भाग आणि आतड्याची सुरुवात टाळून थेट पुढे उतरतं. नळीच्या हिशेबानं साखर कमी शोषली जायला हवी. प्रत्यक्षात ती रक्तात अधिक झपाट्यानं येते! तरीही वजन उतरतं, आणि अनेकांचा मधुमेह वजन फारसं उतरायच्या आधीच, काही दिवसांत, आटोक्यात येतो. जेवणानंतर जीएलपी-१ कित्येक पटींनी वाढतं, हे त्यामागचं एक कारण. त्या दिवसांत रुग्ण जेमतेम खातो, त्याचंही श्रेय आहेच. कुणाचा वाटा किती यावर तज्ज्ञांत वाद चालू आहे.

आता जिभेवरच्या ताब्याबद्दल. कमी खाल्ल्याशिवाय वजन उतरत नाही, हे कोण नाकारतंय? प्रश्न एवढाच, की कमी खाणं एकाला सोपं आणि दुसऱ्याला छळ का वाटतं. इंजेक्शनांनी याच प्रश्नावर उजेड टाकला. नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात मिनिट-दोन मिनिटं टिकतं. (म्हणून ते 'वाढवणारे' काढे आणि पुड्या विकणाऱ्यांकडे मी संशयानंच बघतो.) गिला मॉन्स्टर या सरड्याच्या लाळेतून मिळालेल्या जीएलपी-१ च्या टिकाऊ भावंडावरून पहिलं औषध आलं, २००५ साली. त्याच जातीच्या सेमाग्लुटाइड या नंतरच्या औषधाचं एक इंजेक्शन आठवडाभर पुरतं. त्याच्या ६८ आठवड्यांच्या चाचणीत वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. साखरेचं शोषण त्यानं बंद पडत नाही. भूक कमी होते, एवढंच. आदल्या महिन्यापर्यंत 'ताबा नसलेला' तोच माणूस अर्धी पोळी ताटात ठेवून उठतो.

आणि जाहिरातच करायची असती तर पुढचं लिहिलं नसतं: औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास होतातच, चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि खर्च महिन्याच्या महिन्याला चालूच. कुणी घ्यावं, कुणी नाही, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

एक गोष्ट मात्र तुमच्या मिसेससाठी. व्होग्लिबोजबरोबर ग्लिमेपिराइडसारखी इन्शुलिन वाढवणारी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, घाबरल्यासारखं होणं. अशा वेळी आपण चमचाभर साखर तोंडात टाकतो, पण ती फोडणारं विकरच गोळीनं रोखलेलं असतं, त्यामुळे ती वेळेवर कामी येत नाही. ग्लुकोजची पावडर पाण्यात घालून द्यावी लागते. मेडिकलमध्ये सहज मिळते. एक डबा घरात आणि थोडी पर्समध्ये असू द्या, आणि पुढच्या तपासणीला गोळ्यांची चिठ्ठी दाखवून डॉक्टरांना हे नक्की विचारा.