ॲल्युमिनियम, पाकिटावरचे अँपिअर आणि धूर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

घरातल्या वायरिंगवरच्या माझ्या लेखावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. तुमचे आक्षेप तीन. मी ॲल्युमिनियमला उगाच बदनाम करतो. तुमच्या रत्नागिरीच्या घरातलं १९८४ सालचं ॲल्युमिनियमचं वायरिंग आजही ठणठणीत आहे. अडीचच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या) वायरच्या पाकिटावर २४ अँपिअर छापलेले असताना मी गीझर-एसीला चारची वायर सांगून लोकांना खर्चात पाडतो. आणि हॅलोजनमुक्त वायर (जिच्या आवरणात क्लोरीनसारखे हॅलोजन नसतात ती) हा निव्वळ कंपन्यांचा धंदा आहे.

ॲल्युमिनियम हा वाईट धातू नाही. खांबावरून जाणाऱ्या तारा त्याच्याच असतात, मीटरपर्यंत येणारी जाड केबलही बहुधा त्याचीच असते. त्याची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के, म्हणजे दीडच्या तांब्याऐवजी अडीचचं ॲल्युमिनियम घातलं की हिशेब जुळतो. भिंतीतल्या सरळ लांबीत त्याला काही होत नाही. बिघडतं ते टोकाला, स्क्रूखाली. ॲल्युमिनियमला हवा लागली की ऑक्साइडचा थर धरतो आणि त्यातून वीज नीट जात नाही. शिवाय ही मऊ तार स्क्रूच्या दाबाने हळूहळू पसरत जाते. तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगते, निवल्यावर आकसते आणि पकड ढिली होते. ढिला जोड तापतो, तापला की आणखी ढिला होतो. त्यात तुमच्याकडची खारी, दमट हवा. पितळेला टेकलेलं ॲल्युमिनियम तिथे लवकर खाल्लं जातं.

मेन बंद करून वायरमनकडून गीझरचा बोर्ड एकदा उघडून घ्या. तारेचं शेवटचं इंचभर आवरण बघा. ते तपकिरी पडलं असेल, वाकवल्यावर तडकत असेल आणि त्याच्या मागची तार मात्र नव्यासारखी लवचीक असेल, तर उष्णता जोडातून आली आहे. अशी तार वरून चाळीस वर्षं चांगलीच दिसते.

अमेरिकेत १९६५ ते १९७३ या काळात तांबं महागलं म्हणून लाखो घरांत ॲल्युमिनियम घातलं गेलं. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा निष्कर्ष असा, की १९७२ पूर्वीची ॲल्युमिनियम तार असलेल्या घरांत प्लगजवळचा एखादा तरी जोड आग लागण्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट जास्त आहे. तुमच्या घरात तेव्हा पंखे, दिवे आणि फार तर फ्रिज असणार. आता तुम्हीच लिहिता की दीड टनाचा एसी बसवायचा आहे. माझी काळजी त्या एसीची आहे.

आता पाकिटावरचा आकडा. तो खोटा नाही, पण त्याला अटी आहेत : आजूबाजूचं तापमान किती, एका पाइपात भार असलेल्या तारा किती. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश. भोवती ४० अंश असतील तर तारेला तापायला ३० अंश उरतात. उन्हाने तापलेल्या स्लॅबमधल्या पाइपात ५० झाले तर २०च. उष्णता अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे क्षमता साधारण १८ टक्के घटते. २४चे २०च्याही खाली आले. त्याच पाइपात वायरमनने आणखी दोन सर्किटं कोंबली की आणखी खाली. तीन किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर घेतो. २५ मीटर लांब अडीचच्या दोन तारांच्या जोडीत तेवढ्याने सुमारे ६७ वॅट पाइपातच उष्णता होऊन जातात, चारच्या जोडीत ४२. म्हणून चारची.

आणि कृपा करून, एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडतो म्हणून २० अँपिअरचा काढून ३२चा बसवू देऊ नका. तो तारेच्या रक्षणासाठी असतो. तार तीच ठेवून एमसीबी वाढवला की ते रक्षणच गेलं.

हॅलोजनमुक्त वायर सगळ्या घराला घाला, असं मी लिहिलेलं नाही. दोन दारांच्या बैठ्या घराला आयएस ६९४ या भारतीय मानकाची एफआर, म्हणजे ज्वालारोधक, वायर पुरते. मात्र एफआर म्हणजे न जळणारी नव्हे. ज्वाळा तारेवरून पुढे सरकत नाही, एवढंच. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि दाट काळा धूर निघतो. डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, दार दिसत नाही. इमारतीचा जिना, रुग्णालय, वसतिगृह, बारावा मजला, अशा ठिकाणी माणसांना त्याच धुरातून बाहेर पडायचं असतं. तिथे मी हॅलोजनमुक्तच सांगणार. पैसे मोजकेच असतील तर मात्र आधी तारेच्या जाडीवर घाला.

तुमच्या एसीसाठी डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या पेटीपासून) चारच्या तांब्याची वेगळी लाइन ओढा, सोबत हिरवी अर्थिंगची तार. जुन्या ॲल्युमिनियमला पीळ देऊन वर टेप गुंडाळायचं वायरमन सुचवेल, ते ऐकू नका. आणि दुकानात बंडल काट्यावर ठेवायला सांगा. चारच्या ९० मीटरमध्ये नुसतं तांबंच तीन किलोच्या आसपास भरतं. आवरणासकट अख्खं बंडल तेवढंच भरलं, तर ते घेऊ नका.