दारात कोण उभं राहणार? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: एकदम खूप जखमी आले तर काय करायचं याची हॉस्पिटलात वर्षातून एकदा होणारी मॉक ड्रिल (रंगीत तालीम) हा फोटोपुरता देखावा आहे, त्यात सिस्टरांची अर्धी पाळी वाया जाते. तोच वेळ सीपीआरच्या (छाती दाबून श्वास-हृदय पुन्हा चालू करण्याच्या) सरावाला द्यावा. खरा प्रसंग आलाच तर अनुभवी डॉक्टर निभावून नेतात.

पहिलं मान्य. तारीख महिनाभर आधी जाहीर, वेळ सकाळी अकराची, सगळे वरिष्ठ हजर आणि रंग फासलेले वीस ‘जखमी’ शिस्तीत ॲम्ब्युलन्समधून उतरताहेत, याला ड्रिल नव्हे, संमेलन म्हणावं. उरलेल्या दोन मुद्द्यांवर मात्र माझं मत उलट आहे.

सीपीआर आधी घेऊ. एरवी श्वास थांबलेला माणूस दिसला की छाती दाबायला लागायचं, हेच बरोबर. चाळीस जखमी एकदम आले की तीच सवय आड येते. कुणावर आधी उपचार करायचे हे रंगांनी ठरवणाऱ्या ‘स्टार्ट’ पद्धतीत (1983 साली कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचमध्ये ती तयार झाली) चालू शकणारे सगळे हिरवे, म्हणजे किरकोळ. उरलेल्यांत श्वास नसेल तर श्वासमार्ग मोकळा करायचा. श्वास सुरू झाला तर लाल (उपचार आधी), नाही झाला तर काळा (वाचण्याची आशा नाही), आणि लगेच पुढच्याकडे. श्वास मिनिटाला 30 पेक्षा जास्त, लाल. मनगटाची नाडी लागत नाही किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परतायला 2 सेकंदांहून जास्त लागतात, लाल. साधी सूचना पाळता येत नाही, लाल. बाकीचे पिवळे, म्हणजे थोडं थांबू शकणारे. माणशी फार तर मिनिटभर. उपचार दोनच: श्वासमार्ग मोकळा करणं आणि वाहतं रक्त थांबवणं. सीपीआर उत्तम येणारी सिस्टर पहिल्याच काळ्या रुग्णापाशी थांबते आणि मागचे दोन लाल ताटकळतात. हात आवरणं शिकवावंच लागतं. (लहान मुलांना हा तक्ता जसाच्या तसा लावू नका. श्वास नाही पण नाडी आहे, अशा मुलाला आधी पाच श्वास देऊन पाहतात.)

यासाठी अर्धी पाळी लागत नाही. तीस कार्डं करा, प्रत्येकावर श्वासाचा वेग, नाडी आणि सूचना पाळतो की नाही एवढंच. पाळी बदलताना वीस मिनिटं पुरतात. चुका मोजताना दोन रकाने ठेवा. लालला पिवळा म्हटलं तर माणूस हातचा जातो. पिवळ्याला लाल म्हटलं तर लाल विभाग भरून जातो आणि खऱ्या लालला खाट उरत नाही.

आता अनुभवी डॉक्टर. त्यांच्या कौशल्याबद्दल शंका नाहीच, प्रश्न ते कुठे उभे असतात हा आहे. सर्वांत जाणता सर्जन पहिल्या गंभीर रुग्णात गुंततो आणि दारावर सर्वांत नवखा इंटर्न उरतो. शिवाय आधी पोचतात ते किरकोळ जखमी, मिळेल त्या वाहनाने, जवळच्या हॉस्पिटलात. टोकियोच्या 1995 च्या सरीन या विषारी रसायनाच्या हल्ल्यात सेंट ल्यूक्स हॉस्पिटलकडे पहिल्याच दिवशी सुमारे 640 जण आले, त्यातले बहुतेक ॲम्ब्युलन्सशिवाय. कपडे न उतरवता त्यांना आत घेतलं गेलं आणि कपड्यांतल्या वाफेने कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला. नुसते कपडे उतरवले तरी अंगावरचं बरंचसं रसायन निघून जातं. हे दाराबाहेरच व्हायला हवं, आणि ‘थांबा, आधी कपडे’ असं म्हणण्याचा अधिकार सुरक्षारक्षकाला असायला हवा. प्रशिक्षणाच्या यादीत त्याचं नाव बहुधा नसतंच.

कागदाचंही तसंच. बेशुद्ध माणसांची नावं नोंदवत बसलात की रक्ताच्या बाटल्यांची अदलाबदल ठरलेली. एकाच क्रमांकाची मनगटपट्टी, रक्ततपासणीचा फॉर्म, एक्स-रेचा फॉर्म आणि केसपेपर अशी पन्नास पाकिटं कॅज्युअल्टीत आधीच भरून ठेवा. नाव मागाहून जोडता येतं. क्रमांक मध्येच बदलायचा नाही.

मोठी ड्रिल कधी घ्यावी, असंही तुम्ही विचारलंत. हे तुकडे जमल्यावर, तेही रात्रपाळीत. तोवर एक बिनखर्चाची चाचणी करा: रात्री दोन वाजता बोलावण्याच्या यादीतल्या प्रत्येकाला फोन लावा. कुणाला यायला लावू नका, फक्त ‘किती मिनिटांत पोचाल?’ विचारा आणि लिहून घ्या. बंद पडलेले नंबर, सोडून गेलेली माणसं आणि एकाच वेळी दोन हॉस्पिटलांच्या यादीत असलेला भूलतज्ज्ञ त्याच रात्री सापडतील.