वांगावरची ट्यूब आणि कोळंबीची टरफलं

परवा रात्री नणंदेच्या मुलीने एका ट्यूबचा फोटो पाठवला. "मामी, मेडिकलवाल्याने वांगासाठी दिलीय, लावू का?" फोटो पाहून पोटात गोळा आला. सात वर्षांपूर्वी अगदी तसलीच ट्यूब मी लावली होती.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. आईने दुधात जायफळ उगाळून दिलं, भेटेल ती बाई "उन्हात कमी जा" म्हणाली, आणि शेवटी मी मेडिकलमधून ट्यूब आणली. तीन आठवड्यांत चेहरा लख्ख. बंद केली तसा तो लाल झाला, आग होऊ लागली, बारीक पुरळ आलं आणि डाग आधीपेक्षा गडद होऊन परतले. डॉक्टरबाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली: रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन, कातडी सोलणारं ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा प्रकारची स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. तरी आमच्या गल्लीत ती आजही सहज मिळतात. याचा मला मनापासून राग येतो.

पुढे चेहरा शांत व्हायला वर्ष गेलं. त्यानंतर डॉक्टरांनी जे सुचवलं त्यात एक नाव मला नवीन होतं, एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन. ही एक अमिनो साखर. आपण कोळंबी सोलून जी टरफलं फेकतो ती ज्या कायटिनची असतात, ते कायटिन म्हणजे याच साखरेच्या कड्यांची लांब साखळी. १८७६ मध्ये लेडरहोज या जर्मन संशोधकाने कायटिन हायड्रोक्लोरिक आम्लात उकळलं, तेव्हा ग्लुकोसामाइन, म्हणजे या साखरेचं साधं रूप, पहिल्यांदा हाती लागलं. आपल्या कातडीतही ही साखर आहेच. कातडीत ओलावा धरून ठेवणारं, सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी असलेलं हायलुरॉनिक ॲसिड बनायलाही ती लागते. (शाकाहारी मैत्रिणींनो, मक्याच्या साखरेपासून आंबवूनही ती तयार करतात. बाटलीवर लिहिलं नसेल तर कंपनीला विचारा.)

ती डागांवर काम कशी करते, हे समजल्यावर मला तिच्याबद्दल विश्वास वाटला. त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशींत टायरोसिनेज नावाचं एन्झाइम असतं. त्याच्यावर साखरेचे तुकडे नीट जोडले गेले तरच ते कामाला लागतं, आणि ही साखर नेमकी त्या जोडणीत अडथळा आणते. पेशी मरत नाही, कातडी सोलली जात नाही, नवा रंग तेवढा कमी बनतो. सोबत नायसिनमाइड (बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप) असेल तर तयार झालेला रंग वरच्या पेशींत पोहोचायलाही अडतो. अमेरिकेत ४० ते ६० वयाच्या सुमारे २०० बायकांवर दहा आठवडे चाचणी झाली होती: ४ टक्के नायसिनमाइड, २ टक्के ही साखर. साध्या क्रीमपेक्षा डाग जास्त फिके झाले. त्या अभ्यासात क्रीम बनवणाऱ्या कंपनीची माणसंही होती आणि तो चेहऱ्यावरच्या एकूण काळ्या डागांवर होता, फक्त वांगावर नव्हता. हे दोन्ही लक्षात ठेवूनच मी सांगते आहे.

माझे डाग गेलेले नाहीत, फिकट झालेत. त्यातलं बरंचसं श्रेय सनस्क्रीनचं. माझी रंगीत आहे, आयर्न ऑक्साइडवाली, कारण वांगाला नुसतं ऊन नाही, साधा दिसणारा प्रकाशही भोवतो. सनस्क्रीन लावली नाही तर बाकी सगळं पाण्यात.

माझं भांडण आहे ते बाटल्यांशी. नायसिनमाइडची टक्केवारी ठळक अक्षरांत छापतात आणि ही साखर यादीच्या तळाशी, किती घातली त्याचा पत्ताच नाही. अभ्यास २ टक्क्यांवर झाला असेल तर गिऱ्हाइकाला तो आकडा कळायलाच हवा. मी दोन कंपन्यांना मेल केली. एकीने आकडा कळवला, मी आता तिचंच घेते.

भाचीला त्याच रात्री फोन केला. ट्यूब तिने अजून उघडली नव्हती. शनिवारी तिला घेऊन डॉक्टरांकडे जाते आहे, आणि ती ट्यूबही पिशवीत घेणार आहे, त्यांना दाखवायला.