जुन्या ‘कॉसमॉस’ची बाजू कशी घ्यावी

सर्वात आधी मागच्या रांगेतली खुर्ची धरावी. पुढे सतरंजीवर पोरं बसलेली असतात, त्यामुळे मागून टाकलेला उसासा त्यांच्या डोक्यावरून थेट पडद्यापर्यंत पोचतो. ‘कॉसमॉस’ या विश्वाविषयीच्या टीव्ही मालिकेच्या २०१४ च्या नव्या अवताराचं नाव उमटायच्या आत पहिला उसासा गेला पाहिजे. सोबत, “छे! सेगन तो सेगनच.”

ऐकीव सांगत नाही. गेल्या शनिवारी कोथरूडात, आमच्याच सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये याचं साग्रसंगीत प्रात्यक्षिक पाहून आलोय. भाग पाऊण तासाचा, शेरे दीड तासाचे.

मूळ मालिका पाहिलेली असण्याची गरज नाही. १९८०, तेरा भाग, सूत्रधार खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन, त्याचा कॉर्डरॉयचा कोट, आत उंच गळ्याचा स्वेटर. एवढ्या भांडवलावर जन्म निघतो. मध्येच घोगऱ्या आवाजात ‘बिलियन्स अँड बिलियन्स’ म्हणून दाखवावं. मालिकेत तो असं कधी म्हणालाच नाही, जॉनी कार्सन नावाच्या विनोदवीराने नक्कल करताना ते त्याला चिकटवलं. पण सोसायटीत कोण तपासायला बसलंय?

संगीताचा विषय निघाला की जुन्या मालिकेत ज्याचं संगीत होतं त्या ‘व्हँगेलिस’चं नाव घेऊन डोळे मिटावेत.

लेखनाचा विषय मात्र काढू देऊ नये. दोन्हीकडे अॅन ड्रुयन आणि स्टीव्हन सोटर हीच नावं निघतात आणि ‘या नव्या लोकांना काय कळतंय’ यातली हवाच जाते.

दहाव्या भागाचा उल्लेख अवश्य करावा. सेगन तमिळनाडूत येतो, नटराज दाखवतो, ब्रह्मदेवाची एक दिवस-रात्र ८ अब्ज ६४ कोटी वर्षांची म्हणून सांगतो. इथे छाती फुगवून, “आपल्याकडे सगळं होतंच!” विज्ञानाच्या आकड्यांशी हे जुळतं ते ‘अर्थात योगायोगाने’, असंही त्याने तिथल्या तिथे जोडलंय. तेवढं ऐकू येऊ नये.

मग ब्रूनो, सोळाव्या शतकातला इटालियन तत्त्वज्ञ. नव्या मालिकेच्या पहिल्याच भागात त्याचं कार्टून आहे. ते दिसताच “इतिहासाची मोडतोड!” म्हणून ओरडावं. मोडतोड आहेच. १६०० साली त्याला जाळलं ते मुख्यतः त्याच्या धर्ममतांसाठी, त्याला विज्ञानाचा हुतात्मा करणं ओढूनताणून आहे. पण जुन्या मालिकेतही प्राचीन अलेक्झांड्रियातली गणितज्ञ हायपेशिया हिचा खून आणि तिथल्या ग्रंथालयाचा शेवट एकाच दमात सांगितलाय, आणि ग्रंथालयाची वाताहत तर तिच्या कितीतरी आधीपासून होत आली होती. पण सेगनने केलं की ते काव्य. नव्या भागांना जाहिरातींसाठी वेळ सोडावा लागला, तासाचा पाऊण तास झाला, निवांतपणा गेला, हा खरा तुलनेचा मुद्दा. तो त्या संध्याकाळी कोणी काढला नाही. कसा काढणार? त्यासाठी दोन्ही बघाव्या लागतात.

आणि आता या कलेतलं सर्वोच्च कौशल्य: हात वर करणाऱ्या पोराला खाली बसवणं.

नव्या मालिकेचा सूत्रधार, खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन, याचं काल्पनिक यान लघुग्रहांच्या पट्ट्यातून जातं तेव्हा पडद्यावर दगडांची अशी दाटी होते की दिवाळीच्या आदल्या रविवारचा लक्ष्मी रस्ता बरा. पुढे व्हॉयेजर हे खरंखुरं अवकाशयान दिसलं. बी विंगमधल्या चौथीतल्या मुलीने हात वर केला. “काका, एवढे दगड एकमेकांना घासत चाललेत, मग व्हॉयेजर त्यातून गेलं कसं? धडकलं नाही?”

मागच्या रांगेतून उत्तर आलं. “बाळ, आधी सेगनची ओरिजिनल बघ. मग प्रश्न विचार.”

हशा. मुलीने हात खाली घेतला आणि सतरंजीचा सुटलेला दोरा उपसत बसली.

अहो काका, पडद्याकडे बघून बोललेलं अख्ख्या संध्याकाळचं ते एकमेव वाक्य होतं! त्या दृश्यावर घ्यायचा खरा आक्षेप तोच. त्या पट्ट्यात दोन मोठ्या दगडांमध्ये लाखो किलोमीटरचं अंतर असतं. १९७३ पर्यंत पायोनियर १० हे यान तिथून सुखरूप बाहेर पडलं होतं, मागाहून दोन्ही व्हॉयेजर गेली, कोणाला दगड चुकवत जावं लागलं नाही. नव्या मालिकेने देखाव्यासाठी गर्दी केली, आणि ती पकडली चौथीतल्या पोरीने. तुम्ही चाळीस वर्षांचा व्यासंग मांडून बसला होतात, तुम्हाला दिसली नाही.

आणि सेगनच्या नावाने तिला गप्प केलंत? मी स्वतः जुन्या मालिकेचा भक्त आहे, म्हणून जास्त चीड येते. सातव्या भागात हा माणूस ब्रुकलिनमधल्या आपल्या जुन्या शाळेत जातो, वर्गात पोरांना ग्रहांचे फोटो वाटतो आणि एकेका वर आलेल्या हाताला उत्तर देतो. १९७५ च्या डिसेंबरात ब्रॉंक्सहून आलेल्या सतरा वर्षांच्या पोराला त्याने कॉर्नेल विद्यापीठातली आपली प्रयोगशाळा दाखवली, बर्फ पडत असताना बसपर्यंत सोडलं, आणि बस आली नाही तर फोन कर म्हणून घरचा नंबर लिहून दिला. तो पोरगा म्हणजे हाच टायसन. ही गोष्ट त्याने स्वतः नव्या मालिकेच्या पहिल्या भागाच्या शेवटी सांगितलीय, शनिवारी आपल्याच पडद्यावर. तुम्ही तेव्हा बाहेर कॉफीच्या थर्मासपाशी उभे राहून टायसनला सेगनची सर नाही, हे पटवत होतात.

पुढच्या शनिवारी दुसरा भाग आहे. पोरगी येणार नाही म्हणतेय, तिच्या आईने सांगितलं. बी विंग, तिसरा मजला. तिला बोलवायला तुम्हीच जायचं, काका. लिफ्ट चालू आहे.