‘खरा गरजू लपून राहत नाही’ म्हणणाऱ्यांना

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. थोडक्यात तो असा: ‘आपल्या देशात बेघर असं कुणी नसतं. प्रत्येकाला गाव असतं, भाऊबंद असतात. रस्त्यावर राहणाऱ्याला काम नको असतं. भिकाऱ्यांच्या झोपडीत लाखो रुपये सापडतात. सरकारी निवाऱ्यात हे लोक जात नाहीत. खरा गरजू लपून राहत नाही, समोर येऊन मदत मागतो. अशा रडकथांना भुलू नका. कुणी दिसला की पोलिसांना कळवा.’ खाली ‘दहा जणांना पाठवा’.

चौथ्यांदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला, माझ्या धाकट्या दिरांनी टाकलेला. त्यावर घरातल्या अकरा जणांनी अंगठे दाखवले. तेव्हा मला गप्प बसवेना. मेसेजमधल्या एकेका वाक्याला उत्तर देते, पण त्याच क्रमानं नाही. जे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, त्यापासून सुरुवात करते.

‘खरा गरजू लपून राहत नाही.’

सांगलीत विश्रामबागला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. चाळीस खुर्च्या, चोवीस तास उघडी, स्पर्धा परीक्षेची पोरं. गेल्या पावसाळ्यात फरशी पुसून घेताना पाण्याच्या कूलरमागं, जिथं मशीनची गरम हवा लागते तिथं, वायरवर एक टॉवेल वाळत घातलेला दिसला. कुणीतरी विसरला असेल म्हणून सोडून दिलं. चार दिवसांनी तो पुन्हा तिथंच, पुन्हा ओला. मग मी खुर्च्यांखालचे कप्पे बघितले. एका कप्प्यात साबणाची डबी, दात घासायचा ब्रश, आणि तीन जाडजूड पुस्तकांखाली नीट घडी घालून दाबून ठेवलेला शर्ट. ती त्याची इस्त्री होती. शेवटच्या दोन रांगांच्या मध्ये जुना फ्लेक्स अंथरून तो मुलगा तीन महिने आमच्याकडं झोपत होता. आंघोळ एसटी स्टँडवर. पहाटे साडेचारला उठून पेपरची लाइन टाकायचा. सातला परत येऊन खुर्चीवर बसायचा तेव्हा आत्ताच घरून आल्यासारखा दिसायचा.

माझी पहिली प्रतिक्रिया त्या मेसेजसारखीच होती. आपल्याला फसवलं, असंच वाटलं. उद्या काही चोरीला गेलं तर? मी यजमानांना म्हटलं, आजच्या आज काढा त्याला. त्याला खाली बोलावलं आणि विचारलं, आधी सांगायला काय झालं होतं? तो मान खाली घालून म्हणाला, “काकू, सांगितलं असतं तर तुम्ही राहू दिलं असतं का?”

नसतं दिलं. ते त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

माणूस लपतो तो खोटा असतो म्हणून नाही. कळलं की लोक कसे वागतील याचा त्यानं आधीच हिशोब केलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो हिशोब बरोबर निघतो. मालक काढून टाकेल, वर्गातली पोरं लांब बसतील, बहिणीच्या सासरी कळलं तर तिला ऐकून घ्यावं लागेल. बाया तर याहून जास्त लपवतात. ‘चार दिवस माहेरी आलेय’ असं तीन-तीन वर्षं सांगणारी बाई प्रत्येकाच्या ओळखीत असते. मिरज जंक्शनला पहाटेच्या गाडीसाठी गेलं की प्रतीक्षागृहात एखादी नीटनेटकी साडी नेसलेली, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेली बाई दिसते. विचारलं तर म्हणते, गाडी लेट आहे. परतीच्या दिवशी ती तिथंच असते. ती समोर येऊन मदत मागत नाही, कारण प्रवासी आहे असं वाटतंय तोवरच तिला तिथं बसता येतं.

‘प्रत्येकाला गाव असतं.’

या मुलालाही गाव आहे. जत तालुक्यात घर आहे, दाराला कुलूप आहे. आई-बाप मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यावर जातात, गळीत हंगामभर दुसऱ्याच्या उसाच्या फडाशेजारी कोपी करून राहतात. गावी गेला तर खायला घालणारं कुणी नाही, कमवायला काही नाही आणि अभ्यासाला जागा नाही. गाव असणं आणि राहायची सोय असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गावंच्या गावं गेली. तिथली माणसं सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशी पांगली. त्यांना कुठल्या गावाला परत पाठवणार?

आणि भाऊबंदांचं म्हणाल, तर आई-वडिलांना मुलंच बाहेर काढतात हे सरकारलाही दिसलं, म्हणून २००७ साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. सांभाळायच्या अटीवर मुलांच्या नावावर घर करून दिलं आणि नंतर मुलांनी सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडं करायचा. घाटावर एखादी म्हातारी दिसली तर ‘हिची मुलं कुठं आहेत’ असं आपण एकमेकांत बोलतो. तिला या अर्जाबद्दल सांगितलं तर त्या बोलण्याचा तिला काही उपयोग होईल.

आता दिरांना एक आठवण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल भागांत पाणी नेहमीच आधी शिरतं, पण त्या वर्षी गावभागही बुडाला आणि भाऊजी, तुमचं घरही. बारा दिवस तुम्ही पाच माणसं आमच्या अभ्यासिकेत झोपलात. त्याच शेवटच्या दोन रांगांच्या मध्ये. कूलरमागच्या त्याच वायरवर पोरांचे कपडे वाळायचे. तुम्हाला कुणी विचारलं नाही, गाव नाही का तुम्हाला, म्हणून. उलट अनोळखी लोक दारात पोळी-भाजी आणून ठेवायचे. तुमच्या घरातलं पाणी सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलं होतं. या मुलाचं घर कसं सुटलं ते कुणाला दिसलं नाही, एवढाच फरक आहे.

‘काम नको असतं.’ पेपरची लाइन पहाटेची, संध्याकाळी एका दुकानात माल लावायचं काम. कॉट बेसिसवर जागा घ्यायची तर आमच्या भागात महिन्याला दोन हजार आणि वर दोन महिन्यांचं डिपॉझिट. डिपॉझिट एकरकमी लागतं आणि पगार हप्त्यानं येतो. तो अडकला होता तो इथं, आळसात नाही. याहून जास्त लिहायची गरज मला वाटत नाही.

‘झोपडीत लाखो सापडतात.’ ही बातमी खरी आहे. २०१९ मध्येच मुंबईत गोवंडीजवळ रेल्वे रुळांवर एका वृद्ध भिक्षेकऱ्याचा मृत्यू झाला. त्याच्या झोपडीत पोलिसांना पावणेदोन लाख रुपयांच्या आसपासची नाणी आणि जवळपास पावणेनऊ लाखांच्या ठेवींचे कागद सापडले. पण ती बातमी झाली ती कधी तरी घडते म्हणूनच. ज्यांच्याकडं काहीच सापडत नाही, त्यांच्या मरणाची दोन ओळींची नोंद होते, ‘अनोळखी इसम’ म्हणून. त्या म्हाताऱ्याला निदान झोपडी होती. म्हणजे मेसेजवाल्यांनी बेघरांच्या विरोधात जो पुरावा दिला, तो बेघर माणसाचा नाहीच. एवढे पैसे असून तो शेवटपर्यंत तसाच जगला, याचं मला वाईट वाटतं. फसवणूक मला त्यात दिसत नाही.

‘बेघर असं कुणी नसतं.’ २०११ च्या जनगणनेत, २८ फेब्रुवारीच्या रात्री, उघड्यावर राहणाऱ्यांची वेगळी मोजणी झाली. रस्त्याकडेला, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या पाइपांत, देवळांच्या आवारात, प्लॅटफॉर्मवर. देशभरात १७ लाख ७० हजारांहून जास्त माणसं निघाली, महाराष्ट्रात दोन लाखांवर. हे एका रात्रीचे आकडे आणि तेही दिसलेल्यांचे. आमच्या शेवटच्या रांगेतला मुलगा त्यात आला नसता. प्रतीक्षागृहातली ती बाईही नाही.

निवाऱ्यांबद्दल थोडक्यात. केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानाचा निकष होता, एक लाख लोकसंख्येमागं किमान शंभर माणसांच्या निवाऱ्याची सोय. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ लाच पाच लाखांवर होती, म्हणजे निदान पाचशे माणसांची सोय हवी. लोक का जात नाहीत हे विचारायच्या आधी मिरजेच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याबाहेर रात्री दहानंतर बघा. बेळगाव, विजापूर, कोकणातून आलेले नातेवाईक पायऱ्यांवर चादर टाकून झोपलेले असतात. आत माणूस अत्यवस्थ आहे, कुठल्याही क्षणी नाव पुकारतील, औषधाची चिठ्ठी हातात पडेल. ते दोन मैलांवरच्या निवाऱ्यात जाऊन कसे झोपतील? सकाळी सहाला मजूर अड्ड्यावर उभं राहायचं असलेला माणूसही अड्ड्याजवळच झोपणार.

‘रडकथांना भुलू नका.’ यावर मला आमच्याच घराचं बोलायचं आहे. माझे सासरे खानापूर तालुक्यातले. दुष्काळानं त्या पट्ट्यातली, विटा-आटपाडीकडची पोरं गलाईला, म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करायच्या कामाला, देशभर गेली, तसे सासरे चौदाव्या वर्षी मदुराईला गेले. भट्टी थंड झाली की दुकानातच पथारी. मालक शटर बाहेरून लावून जायचा, सकाळपर्यंत आत. भाऊजी, ही गोष्ट तुम्ही प्रत्येक लग्नात सांगता आणि प्रत्येक वेळी तुमचा आवाज भरून येतो. माझाही येतो. पण दुसऱ्याच्या दुकानात झोपणारं ते पोरगं आणि दुसऱ्याच्या अभ्यासिकेत झोपणारं हे पोरगं यांत फरक काय? सासऱ्यांचं पुढं स्वतःचं दुकान झालं, म्हणून ती जिद्दीची गोष्ट झाली. प्लॅटफॉर्मवर अभ्यास करून साहेब झालेल्या मुलाचा व्हिडिओ आपण रडत रडत पुढं पाठवतो. तोच मुलगा निकालाच्या आधी सापडला असता, तर हाच मेसेज आपण त्याच्यावर लावला असता. मी लावलाच होता.

आता शेवटचं. ‘पोलिसांना कळवा.’ जरूर कळवा, पण कशासाठी ते ठरवून. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा आपल्याकडं आहे. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भिकेवर जगत असावा अशा अवस्थेत फिरतोय, एवढ्यावरून माणूस त्याच्या व्याख्येत बसतो आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कोंडला जाऊ शकतो. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्याची कलमं तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. उलट २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा पोलिसांवर जबाबदारी टाकतो: मनोरुग्ण वाटणारा माणूस बेवारस भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं, त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. कलम शंभर. फोन केलात तर हे कलम सांगा. म्हातारं माणूस असेल तर १४५६७, लहान मूल असेल तर १०९८.

त्या मुलाला विचारूनच हे लिहिलंय. तो अजून आमच्याकडंच आहे, आता गच्चीवरच्या खोलीत, आणि नोकरी लागून पहिला पगार मिळाला की भाडं देईन असं त्यानं वहीच्या कागदावर लिहून दिलंय. मी कागद नको म्हणत होते, त्यानं ऐकलं नाही.

हे सगळं मी काल आधी घरच्या ग्रुपवर टाकलं. अंगठा कुणाचाच आला नाही. रात्री साडेनऊला भाऊजींचा फोन आला. वाद घातला नाही. थोडा वेळ नुसतेच थांबले, मग म्हणाले, “वहिनी, त्या पोराचं रात्रीच्या जेवणाचं कसं चाललंय?”

मी सांगितलं, मेस एकवेळची लावलीय. रात्री भडंगाची पुडी आणि दोन केळी.