लढाई चालू असताना प्रश्न विचारणं ही बेइमानी नव्हे

सीमेवर तणाव वाढला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. आशय असा: जवान लढत असताना सरकारला जाब विचारणारा देशाशी बेइमान, सरकारवर टीका म्हणजे देशावर टीका, राष्ट्रगीत जो गात नाही त्याची निष्ठा संशयास्पद. पहिला मुद्दा चांगल्या चांगल्या माणसांना पटतो, कारण त्यामागे जवानांबद्दलची खरी कळकळ असते. म्हणून त्यावर जरा सविस्तर.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाखमध्ये मोठा हल्ला चढवला. लढाई चालू असतानाच संसदेचं अधिवेशन लवकर बोलवा, अशी मागणी अटलबिहारी वाजपेयींनी केली आणि नेहरूंनी ती मान्य केली. ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झालं. चर्चा गुप्त ठेवावी ही सूचना नेहरूंनी स्वीकारली नाही. तोवर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं होतं, आणि त्यासाठी रेटा लावणाऱ्यांत खुद्द काँग्रेसचे खासदारही होते. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानाने सांगतो. ती जागा रिकामी कशी झाली, हे मात्र सांगायचं राहून जातं. आणि याच लोकसभेने १४ नोव्हेंबरला उभं राहून, आक्रमकाला हुसकावून लावण्याचा ठराव एकमताने मंजूर केला.

प्रश्नांनी जवानांचं मनोधैर्य खचतं म्हणतात. त्या बर्फात अनेक जवानांच्या अंगावर सुती कपडे होते, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात जुन्या .३०३ रायफली. त्यांचे हाल या उणिवांनी केले. २ सप्टेंबर १९६३ ला चव्हाणांनी संसदेत या युद्धातल्या अपयशाच्या चौकशीचे निष्कर्ष मांडले, तेव्हा डोंगरी युद्धाचं प्रशिक्षण आणि साहित्य अपुरं होतं हे सरकारनेच मान्य केलं. पुढे खास डोंगरी लढाईसाठी डिव्हिजन उभ्या राहिल्या. त्या चौकशीचा मूळ अहवाल, म्हणजे हेंडरसन ब्रूक्स अहवाल, सरकारने आजवर पूर्ण प्रसिद्ध केलेला नाही, हे मला मनापासून खटकतं. सैन्याच्या हालचाली किंवा ठावठिकाणा उघड करणं ही गोष्ट वेगळी. त्याला माझाही सक्त विरोध आहे. पण बर्फात टिकतील असे बूट का नव्हते, हे विचारल्याने शत्रूला कसलाही ठावठिकाणा कळत नाही.

सरकार म्हणजेच देश, या दुसऱ्या मुद्द्याला आपल्या शपथा उत्तर देतात. जवान असो वा मंत्री, शपथ घेताना निष्ठा वाहतो ती संविधानाला. त्यात कुठल्या पक्षाचं किंवा पंतप्रधानाचं नाव नसतं. १९६२ मध्येच केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरची कडक टीका राजद्रोह ठरत नाही.

तिसरा मुद्दा तर कोर्टाने केव्हाच निकाली काढला आहे. केरळमधली यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं: गायलाच हवं असा कोणताही कायदा नाही, आणि नीट उभं राहणाऱ्याने राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही.